अध्यक्षांच्या नावाने

विल्फ पॉडमोर कुणाला नाही म्हणत नाही, आणि कपबश्यांच्या कारखान्यांच्या आमच्या लाँगटन गावातले लोक याला त्याचा चांगुलपणा समजतात. मी समजत नाही. चॅपलमध्ये वर्गणीची थाळी फिरली की तो हसतो, बायको खेकसली की हसतो, बँकेचा माणूस दारात आला तरी आधी हसतो आणि मग 'बसा ना' म्हणतो. समोर जो बसलेला असेल, त्याचा तो होतो. दुसरा आला की दुसऱ्याचा. माझ्या गेलेल्या नवऱ्याचा, अर्नेस्टचा, तो मित्र, म्हणून इतकी वर्षं मी तोंड आवरलं. पण हॅसलच्या कारखान्याच्या प्रकरणात त्याने जे केलं, ते लिहून काढल्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नाही.

आम्ही साचे करणारे. कपाचा कान, किटलीची तोटी, सूपच्या भांड्याचं झाकण, सगळं प्लास्टरच्या साच्यातून निघतं. ओल्या मातीचं पाणी पिऊन पिऊन साचा झिजतो, मग मूळ साच्यावरून नवा करायचा. म्हणजे मूळ साचे ज्याच्या फळीवर, कारखाना त्याचा. बाकी टेबलं आणि चाकं काय, भंगारवाल्याकडेही मिळतात. हॅसलचे मूळ साचे आधी माझ्या सासऱ्यांनी केले, मग अर्नेस्टने, आणि शेवटचा मोठा डिनर सेट माझ्या मुलीने, डोरीनने, आमच्या चार माणसांना हाताशी घेऊन. थंडीत बोटं फुटेपर्यंत घासला तिने तो. क्लाइव्ह हॅसलने माल उचलला, वाखाणला, आणि पैसे दिले नाहीत. विचारलं की म्हणायचा, "पुढच्या महिन्यात नक्की, क्लूलोबाई." त्याच भरवशावर मी राहतं घर बँकेत गहाण टाकून माणसांचे पगार भागवले. आणि एका सोमवारी कारखान्याच्या फाटकाला साखळी लागली. हॅसल अँड सन्स बुडाली.

कंपनी बुडाली की तिच्याकडून ज्यांचं येणं आहे त्यांची सभा भरते. उरलंसुरलं विकून आपल्यात वाटून द्यायला कोणता लिक्विडेटर नेमायचा, ते या घेणेकऱ्यांनी ठरवायचं असतं. कायदा चांगला आहे. खोट आमच्या लोकांत आहे. आमच्या गावात त्या सभेला जाणं असभ्य समजतात. ज्याच्या आजोबांनी आपल्या आजोबांना काम दिलं, त्याचं दिवाळं बघायला टोपी घालून खुर्चीत जाऊन बसायचं? छे छे! मग लोक घरबसल्या प्रॉक्सीचा कागद पाठवतात, आणि 'माझ्या वतीने मत कोण देणार' असं जिथे विचारलेलं असतं, तिथे सभ्यपणे लिहितात, सभेचे अध्यक्ष. अध्यक्ष कोण असतो, हे कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे संशय घेणं. अध्यक्ष असतो बुडालेल्या कंपनीचाच मालक!

मी गेले होते. हॅन्लीतल्या हॉटेलच्या त्या खोलीत इतक्या रिकाम्या खुर्च्या होत्या की लग्न मोडलंय असं वाटावं. टेबलामागे क्लाइव्ह हॅसल, त्याच्यापुढे प्रॉक्सींची चळत, आणि शेजारी करड्या सुटातला एक गृहस्थ, थ्रिंग नावाचा.

"क्लूलोबाई, तुम्ही स्वतः आलात?" क्लाइव्ह म्हणाला.

"मग काय, भूत पाठवू? अजून मेले नाही मी. तुझ्या कृपेने लवकरच मरेन."

लिक्विडेटर म्हणून क्लाइव्हने थ्रिंगचं नाव सुचवलं. मी हात वर केला आणि म्हटलं, नको, बुडवणाऱ्याने आणलेला माणूस नको. क्लाइव्हने त्या चळतीवर तळहात ठेवला, अगदी मांजर कुरवाळावं तसा, आणि साऱ्या गावाची मतं थ्रिंगला देऊन टाकली. तिथे डोकी मोजत नाहीत, ज्याचं येणं जितकं मोठं तितकं त्याचं मत मोठं. माझं मत त्या चळतीपुढे कुठे पुरणार? मग लिक्विडेटरवर नजर ठेवायला घेणेकऱ्यांची एक कमिटी नेमली. तीन जणांची. एक क्लाइव्हचा मेव्हणा रॉडनी वेन, त्याने कंपनीला कर्ज दिलेलं होतं. दुसरा मातीचा व्यापारी स्टॅन सॉल्ट, तो गैरहजर. तिसरा विल्फ पॉडमोर, तोही गैरहजर. विल्फचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा, कपबश्या त्याच्याच खोक्यांतून जायच्या, आणि त्याचं येणं माझ्याहून बरंच मोठं होतं. क्लाइव्हने त्याला फोनवर विचारलं होतं आणि तो हो म्हणाला होता. तो दुसरं काय म्हणणार?

मला तेव्हा बरंच वाटलं, हे खरं. विल्फ आपला आहे, असं मी डोरीनला म्हटलं.

पुढे काही आठवडे गेले. डोरीन बाजारातून आली ती कोट न काढताच म्हणाली, "आई, हॅसलच्या फाटकाची साखळी काढलीय. आत ट्रक उभा आहे. आपले साचे पेंढ्यात बांधून चाललेत."

मी एप्रनवरच गेले. फाटकावर नवी पाटी, 'हॅसल हेरिटेज', म्हणजे त्याच घरच्यांची नवी कंपनी. क्लाइव्हची सून अंगणात उभी राहून हमालांना सांगत होती की सांभाळून ठेवा. माझ्या मुलीच्या हातचे साचे, आणि ही मला विचारते, "आपण कोण?"

"ज्यांच्या जिवावर तुम्ही चहा पिता, त्यांतली एक," मी म्हटलं.

थ्रिंगच्या ऑफिसात मी वेळ न घेता गेले. त्याने मला खुर्ची दिली, बिस्किटं दिली. बिस्किटांवर चॉकलेट होतं. आमच्याच पैशांतून आलेलं, कारण लिक्विडेटरची फी आधी निघते आणि घेणेकऱ्यांना उरेल ते मिळतं. मी हात लावला नाही.

"साचे कितीला दिलेत?"

त्याने आकडा सांगितला. तेवढ्यात तर नुसतं प्लास्टरही येत नाही.

"फेंटनच्या एका कारखानदाराने माझ्या दुकानात उभं राहून सांगितलंय की त्याने याच्या कितीतरी पट दिले असते. त्याला विचारलंत?"

"क्लूलोबाई, सौदा लवकर होणं सगळ्यांच्याच हिताचं होतं. आणि कमिटीची मंजुरी आहे. श्री. वेन यांची, आणि तुमच्यापैकीच श्री. पॉडमोर यांची."

तिथून मी थेट विल्फच्या शेडवर. तो खोक्यांना घड्या मारत होता आणि मला बघून, अर्थात, हसला.

"तू सही केलीस?"

"अगं आयडा, बस तरी. केटल ठेवतो."

"केटल डोक्यात घालीन तुझ्या. सही केलीस का?"

"ते सगळे बसले होते गं. थ्रिंगसाहेब इतके नीट बोलत होते. रॉडनी म्हणाला की नवी कंपनी खोकी माझ्याकडूनच घेईल. आता मी एकटा नाही म्हटलं असतं तर किती वाईट दिसलं असतं!"

"आणि माझं घर गेलं तर कसं दिसेल?"

"तसं नको म्हणूस," विल्फ म्हणाला, आणि त्याचे डोळे पाणावले. डोळे त्याचे लवकर पाणावतात. त्याला काही खर्च पडत नाही त्याचा.

आमच्या चॅपलमागे शेरट नावाच्या वकीलबाई बसतात. तरुण आहेत, तुटक बोलतात, मला आवडतात. मी विचारलं, या थ्रिंगला हाकलता येतं का? त्या म्हणाल्या, येतं. तो कोर्टाने नेमलेला नाही, घेणेकऱ्यांच्या मतांनी बसलेला आहे, आणि घेणेकऱ्यांच्याच मतांनी उठवता येतो. एकूण येण्याचा पाव हिस्सा ज्यांचा आहे त्यांनी मिळून लेखी मागणी केली की त्याला सभा बोलवावीच लागते, स्वतःला काढायची सभा. मालकाच्या घरच्यांचं येणं त्या पाव हिश्श्यात धरत नाहीत. आणि सभेत हजर मतांपैकी अर्ध्याहून जास्त रक्कम विरुद्ध गेली की तो घरी. मग नवा लिक्विडेटर तो सौदा उकरून काढू शकतो.

"तुमच्याकडे किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"आत्ता मी. रविवारपर्यंत बघा."

शनिवारी मी ओटची धिरडी भाजली, चीज आणि बेकन घालून गुंडाळली, आणि दारोदार फिरले. भरल्या तोंडाने माणसाला नाही म्हणता येत नाही. कपांवरची फुलांची चित्रं छापून देणारा बर्ट ब्लूर दारातच म्हणाला, "मावशी, हॅसलच्या माणसाविरुद्ध सही? माझा बाप थडग्यात कूस बदलेल."

"तुझ्या बापाने हॅसलकडे रंग खोकत जन्म काढला, बर्ट. आता तरी त्याला कूस बदलू दे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बर्ट ब्लूरला पैसे मोजता येतात. आजवर तसं कुणी म्हटलं नाही तुला. खा, गार होतंय."

त्याने सही केली. त्याच्या बायकोने मागून ओरडून सांगितलं की तारीखही घाल रे. स्टॅन सॉल्टने धिरडं खाल्लं, पण सहीआधी मला अर्धा तास त्याच्या गुडघ्याची कहाणी ऐकवली. साच्यांबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. कमिटीत आपण आहोत हे त्याच्या लक्षातही नव्हतं. "मला वाटलं ती क्रिकेट क्लबाची कमिटी," म्हणाला. एकेकाला मी लाजवलं, एकेकाला खाऊ घातलं. पाव हिस्सा झाला. थ्रिंगला सभा बोलवावी लागली.

पण सभा मागणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. शेरटबाईंनी मांडून दाखवलं. मतदानाला रॉडनी वेनलाही बसता येतं, आणि त्याचं कर्ज मोठं. आम्ही सगळे मिळून त्याच्याहून थोडे वर. पण त्यात विल्फ धरलेला नाही, आणि तो जर रॉडनीच्या बाजूला गेला, तर आम्ही खाली. म्हणजे माझं घर, डोरीनचं दुकान, चार माणसांची पोटं, सगळं त्या हसणाऱ्या माणसाच्या हातात.

मी पुन्हा गेले. रागावले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी विल्फशी गोड बोलले, आणि ते किती कठीण गेलं ते माझं मला ठाऊक.

"विल्फ, तू यायचंस. स्वतः यायचंस. प्रॉक्सी नाही, कागद नाही. माझ्या शेजारी बसायचं आणि थ्रिंग नको म्हणायचं."

"येतो," तो म्हणाला.

"माझ्याकडे बघून सांग."

"येतो गं आयडा. अर्नेस्टची शपथ."

मेलेल्याची शपथ घ्यायला काय जातं?

सभेच्या दिवशी मी शेजारची खुर्ची माझ्या हँडबॅगेने अडवून ठेवली. बर्ट आला, स्टॅन गुडघा धरत आला, बाकीचेही आले. जन्मात कधी अशा सभेला न गेलेली माणसं चॅपलच्या कपड्यांत येऊन बसली. शेरटबाई आल्या. रॉडनी वेन समोर पाय पसरून बसला. थ्रिंग आला, पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसला नाही. स्वतःच्या बरखास्तीची सभा स्वतः चालवणं बरं दिसत नाही म्हणाला, आणि आपल्या ऑफिसातल्या पेन नावाच्या माणसाला तिथे बसवलं. विल्फ आला नाही. मी दाराकडे बघत राहिले. डोरीन म्हणाली, "आई, बॅग काढ आता."

ठराव मांडला. आमची बाजू मोजली. रॉडनीने विरुद्ध मत दिलं. मग पेनने एक कागद उचलला. "आणि श्री. पॉडमोर यांची प्रॉक्सी काल दुपारी आली आहे, सभेच्या अध्यक्षांच्या नावाने. मत अध्यक्षांच्या मर्जीवर सोडलं आहे. मी ते ठरावाच्या विरुद्ध देतो. ठराव नामंजूर."

माझ्या कानात भट्टी पेटल्यासारखा आवाज झाला. बर्टने शिवी दिली, चॅपलच्या कोटात असूनही. मी उठलेच होते, कुणाच्या अंगावर जाणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं, तेवढ्यात शेरटबाईंनी माझी बाही धरून मला खाली बसवलं.

"पेनसाहेब, तुम्हाला पगार कोण देतं?"

"म्हणजे?"

"साधा प्रश्न आहे. पगार कोण देतं?"

पेनने थ्रिंगकडे बघितलं.

"लिक्विडेटरच्या वर्तनावर मत घ्यायचं असेल," शेरटबाई म्हणाल्या, "तर त्याच्या स्वतःच्या, भागीदाराच्या किंवा नोकराच्या हातातली मतं मोजायची नसतात. दुसऱ्याच्या वतीने दिलेली असली तरी. नियमांचं पुस्तक तुमच्यासमोरच आहे. वाचा."

पेनने वाचलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. थ्रिंग म्हणाला, "सभा पुढच्या आठवड्यापर्यंत तहकूब करावी."

"त्यालाही इथल्या निम्म्या रकमेची संमती लागेल," शेरटबाई म्हणाल्या. "विचारून बघा."

"विचार ना!" स्टॅन सॉल्ट ओरडला. "माझ्या गुडघ्याला विचार!"

विल्फचा कागद बाजूला पडला. रॉडनी एकटा राहिला, आणि आम्ही सगळे मिळून त्याच्याहून थोडे वर. थ्रिंग गेला. त्याच खोलीत आम्ही डर्बीची एक बाई लिक्विडेटर म्हणून निवडली. तिने पहिलं पत्र हॅसल हेरिटेजला पाठवलं, साच्यांची खरी किंमत भरा, नाहीतर साचे परत करा आणि कोर्टात या. क्लाइव्हच्या सुनेने फाटक पुन्हा लावून घेतलं म्हणतात. साचे परत येतील की पैसे येतील, घर सुटेल की नाही, ते अजून व्हायचंय. बँक थांबली आहे, एवढं झालं.

त्याच संध्याकाळी विल्फ आमच्या दुकानात आला. हातात केकचा डबा, तोंडावर तेच हसू. डोरीन प्लास्टर कालवत होती, तिने मान वर केली नाही.

"ऐकलं मी, आयडा," तो म्हणाला. "बरं झालं हो! मला ठाऊकच होतं गं, तो कागद मोजायचे नाहीत. म्हणून तर तसा लिहिला. रॉडनीलाही दुखवलं नाही आणि तुमचंही झालं. सगळ्यांचं राहिलं."

मी हात पुसले.

"विल्फ, डबा खाली ठेवू नकोस, तो परत न्यायचाय तुला. तुला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी विचारणार नाही, कारण तू जे सांगशील ते समोर कोण आहे त्यावर ठरेल. ठाऊक नव्हतं, तर तू चहापाण्यासाठी माझं घर विकलंस. ठाऊक होतं, तर त्याहून वाईट, कारण मग तू बसून असं मत शोधलंस की जे कुणाच्याच पारड्यात पडत नाही, आणि जो जिंकेल त्याच्या घरी केक घेऊन जाता येतं. थ्रिंग लबाड आहे, पण लबाडी करायला तो खोलीत आला होता. क्लाइव्ह माझ्या तोंडावर खोटं बोलला, पण माझ्या तोंडावर. तू मात्र सबंध आयुष्य दुसऱ्याच्या नावाने जगलास. उद्या सकाळी कमिटीतून नाव काढून घे, तिथे मी बसणार आहे. तुझं जे येणं आहे त्यातली एक पेनी मी कुणाला खाऊ देणार नाही, सगळ्यांबरोबर तुलाही मिळेल. पण मला हाक मारायची नाही, चॅपलमध्ये माझ्या बाकावर बसायचं नाही. मी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, विल्फ. माझ्या मुलीने सगळ्यांदेखत मला बॅग काढायला सांगितलं. त्या खोलीत तू नव्हतास, तसा आता माझ्या लेखी कुठेच नाहीस. जा."